रोजनिशी टिकते ती कशावर

रद्दीवाल्याकडे आलेली कुठलीही जुनी छापील डायरी उघडून बघा. जानेवारीची दहा-बारा पानं गच्च भरलेली असतात. अक्षर टपोरं, पहिल्या पानावर 'श्री', खाली संकल्प. संक्रांतीनंतर ओळी रोडावतात, मग पानंच्या पानं कोरी. मार्चात मध्येच कुठेतरी दुधाचा हिशेब, मेमध्ये कुणाच्या तरी लग्नाच्या अहेराची यादी, दिवाळीत फराळाचं सामान. आणि आज त्या डायरीत वाचण्यासारखं काही उरलं असेल तर तो दुधाचा हिशेबच. लिटरचा भाव काय होता, किती दिवस रतीब बंद होता, म्हणजे घर कधी गावाला गेलं होतं, हे सगळं त्यातून कळतं. जानेवारीच्या संकल्पातून काहीच कळत नाही.

रोजनिशी बंद पडली की लोक स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा आळस हे कारण नसतंच. त्या वहीने लिहिणाऱ्याला परत काही दिलेलं नसतं. पहिल्या दिवशीचा हुरूप उसना असतो. खरा हुरूप येतो तो जुनं पान वाचताना, तेव्हा रोज काय लिहायचं याच्याआधी परत कधी आणि कसं वाचायचं, याची सोय करावी लागते. बाकीचं त्यामागून येतं.

आधी नोंद कशी असावी ते पाहू. ही एक:

'आज दिवस छान गेला. मन प्रसन्न होतं. आयुष्य किती सुंदर आहे असं वाटलं.'

आणि ही दुसरी:

'सोम. १६ जून २०२५. पहाटेपासून झड, गॅलरीतली दोरी काढून आत बांधली. सिलेंडर संपला, मागचा २९ एप्रिलला लावला होता, ४८ दिवस गेला. आईचं बीपी १५०/९०, कालची रात्रीची गोळी राहिली होती. वरच्या काकूंनी फणसाचे गरे पाठवले, बरका. बंड्या शाळेत जाताना म्हणाला, "पाऊस पडला की सुट्टी का देत नाहीत, उन्हाळ्याची तर देतात."'

पहिली नोंद महिन्याभराने वाचली तर लिहिणाऱ्यालाही आठवणार नाही की नेमकं काय छान होतं. दुसरीत 'मन' हा शब्द कुठेच नाही, तरी दहा वर्षांनी ती वाचताना घर उभं राहील. शिवाय ती लगेच कामालाही येते. पुढचा सिलेंडर साधारण कधी संपेल ते त्यातून कळतं, डॉक्टरांनी 'गोळ्या वेळेवर घेताय ना?' विचारल्यावर दाखवायला तारीख असते. रोजनिशीची सुरुवातीची कमाई ही अशीच फुटकळ असते, आणि पहिले सहा महिने वही त्याच जोरावर तगते.

काय लिहावं सुचत नसेल तर हवा, पैसा, तब्येत, वस्तू आणि माणूस, या पाचांपैकी निदान दोघांबद्दल एकेक ओळ खरडायची. वस्तू म्हणजे काय आणलं, काय मोडलं, काय दुरुस्त झालं आणि किती पैसे पडले. माणसाबद्दल लिहिताना तो 'रागावला' असं न लिहिता तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहावं. राग कालांतराने विझतो, वाक्य मात्र ताजं राहतं. आजी 'कालवण' म्हणते की 'आमटी', हे आज क्षुल्लक वाटतं. पुढे नातवंडांना त्याच शब्दातून आजी ऐकू येते.

आता वाचण्याच्या सोयीबद्दल. यासाठी आजवरची सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे पाच वर्षांची वही. बाजारात तयार मिळतात, पण साध्या दोनशे पानी दोन वह्यांत ती घरीच होते, आणि माझ्या मते घरची जास्त टिकते. पहिली वही जानेवारी ते जून: २९ फेब्रुवारी धरून १८२ पानं. दुसरी जुलै ते डिसेंबर: १८४ पानं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर फक्त तारीख आणि महिना घालायचा, वार आणि साल नाही. मोठ्या वहीच्या पानावर साधारण २५ ओळी असतात. दर वर्षाला पाच ओळी. पहिल्या वर्षी वरच्या पाच ओळी भरायच्या आणि खालचं पान मोकळं सोडायचं. दुसऱ्या वर्षी त्याच तारखेला त्याखालच्या पाच. पहिल्या वहीत शेवटी १८ पानं उरतात, दुसरीत १६; त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

यात घडतं असं, की दुसऱ्या वर्षापासून लिहायला बसलं की मागच्या वर्षीचा तोच दिवस डोळ्यांसमोर असतो. वेगळं वाचायला बसावं लागत नाही. मागच्या जूनमध्ये पाऊस कधी लागला, आंब्याची पेटी केवढ्याला घेतली होती, गुडघा नेमका कधीपासून दुखतोय, सगळं समोर. आणि मग आजच्या पाच ओळी आपसूक लिहिल्या जातात, कारण पुढच्या वर्षी त्या वाचायला आपणच येणार आहोत हे पक्कं ठाऊक असतं. पहिलं वर्ष मात्र कोरडंच जातं. त्यासाठी दर महिन्याच्या एक तारखेला मागचा अख्खा महिना वाचून काढायचा. दीडशे ओळींना दहा मिनिटं पुरतात.

तोटेही आहेत. लग्न, बाळंतपण, हॉस्पिटल अशा दिवसांना पाच ओळी पुरत नाहीत. त्यासाठी एक जादा वही ठेवायची, तिच्या पानांवर आकडे घालायचे आणि मूळ नोंदीशेवटी 'जा. व. ७' असं लिहून ठेवायचं. दुसरा तोटा मोठा: एक वही गहाळ झाली तर पाचही वर्षांचे सहा-सहा महिने एका दमात जातात. तीन महिन्यांतून एकदा मोबाईलने पानांचे फोटो काढून ठेवावेत.

ज्यांना पाच ओळींचं कुंपण नको त्यांनी सलग वहीत लिहावं. रोज पाच ओळी म्हणजे वर्षाच्या १८२५, पानाला २५ धरल्या तर ७३ पानं. दोनशे पानी एक वही अडीच वर्षं सहज पुरते. इथे वाचण्याची सोय मुद्दाम करावी लागते: डाव्या समासात एकेक अक्षर. गॅससाठी 'ग', डॉक्टरसाठी 'डॉ', पावसासाठी 'प', घरदुरुस्तीसाठी 'दु'. वर्षभराने नुसता समास वरून खाली पाहिला तरी प्लंबर किती वेळा आला ते कळतं. वहीची शेवटची चार पानं सूचीसाठी राखून ठेवायची आणि महिन्यातून एकदा ठळक गोष्टींपुढे पान क्रमांक घालायचे. पाच वर्षांच्या वहीतली उरलेली पानंही याच कामाची. व्यापाऱ्यांच्या रोजकीर्द-खतावणीचीच ही रीत आहे: रोजचं रोज कीर्दीत, मग खातेवार खतावणीत. नुसती कीर्द ठेवून कुणी धंदा केला नाही.

छापील डायरी मी कुणाला सुचवत नाही. तारखेचं अख्खं पान आ वासून बसलेलं असतं. दोन ओळी लिहिल्या तर बाकीचं पान खायला उठतं, आणि चार दिवस राहिले तर चार कोरी पानं कायमची डोळ्यात खुपतात. महागडी चामडी बांधणीची वही तर त्याहून वाईट. तिच्यात सिलेंडरचं लिहायला हात धजत नाही, आणि सिलेंडरचं लिहिणंच तर हवंय.

वेळ कुठली? रात्री झोपताना लिहायचं असं सगळेच ठरवतात आणि तिथेच फसतात. त्या वेळी डोळे मिटायला लागलेले असतात, नोंद 'दमलो, उद्या लिहितो' इथे संपते. सकाळच्या चहाला कालच्या दिवसाबद्दल लिहिणं सोपं पडतं. एका रात्रीत फारसं विसरायला होत नाही, उलट बिनमहत्त्वाचं आपोआप गळून जातं. वही आणि पेन चहाच्या डब्याशेजारी. कपाटात ठेवलेली वही काढावी लागते, आणि जे काढावं लागतं ते राहतं. चहा निवेपर्यंत, म्हणजे सहा-सात मिनिटांत, नोंद संपली पाहिजे. जास्त वेळ लागत असेल तर आपण निबंध लिहायला लागलोय असं समजावं.

'एकवीस दिवस केलं की सवय लागते' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, जो २०१० साली छापून आला, एखादी गोष्ट अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्य ६६ आला. माणसागणिक फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यात काही खोट आहे असं नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

तरीही रोजनिशी मरते ती खाड्यांमुळेच, पण खाडा पडल्याने नाही, तो भरून काढायला बसल्याने. गणपतीत आठ दिवस राहिले की नवव्या दिवशी माणूस आठही दिवस आठवून लिहायला घेतो. तीन दिवस लिहून होतात, चौथ्याचं काही आठवत नाही, वही मिटते ती मिटतेच. यावर नियम सोपा ठेवावा. दोन दिवसांपर्यंतचं मागचं लिहायचं, त्याच्या पलीकडचं नाही. सरळ एक आडवी रेघ आणि खाली: 'खाडा, २७ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर, गावी गणपती.' मग आजची नोंद. ती एक ओळही नोंदच आहे. पुढे कधीतरी 'त्या वर्षी आपण गावी किती दिवस होतो?' असा वाद निघाला की तीच उपयोगी पडते.

दुसरी मोडतोड हळूहळू होते आणि लवकर लक्षात येत नाही. काही जण फक्त वाईट दिवशीच लिहितात. भांडण झालं की वही काढायची, सगळं बरं असलं की वही कपाटात. दोन वर्षांनी ती वाचली तर वाटतं, या घरात कधी कुणी हसलंच नाही. मग वाचवत नाही, आणि वाचवत नाही म्हणून लिहवतही नाही. मनातलं मळभ लिहून काढायचं असेल तर त्याची रीत वेगळी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. त्यांच्यातल्या प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं पुढच्या महिन्यांत दवाखान्यात जाणं कमी झालेलं दिसलं. हे लिखाण सुट्या कागदांवर करावं, शुद्धलेखन बघू नये, आणि झाल्यावर हवं तर फाडून टाकावं. रोजनिशीत त्या दिवशी एवढंच: 'दादाशी वाजलं, जमिनीवरून. जेवलो नाही.'

कुणासाठी लिहायचं, हा प्रश्न बहुतेकांना अडवतो. जुन्या रोजनिश्या पाहिल्या तर त्यातल्या टिकाऊ रोजनिश्यांमध्ये लिहिणारा स्वतःबद्दल फार थोडं बोलतो. पाँडिचेरीला फ्रेंचांचे दुभाषी असलेले आनंदरंग पिल्लै यांनी १७३६ ते १७६१ अशी पंचवीस वर्षं तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. जहाजं कधी आली, कुणी कुणाला काय सांगितलं, कुठला माल अडकला. आज तिथला फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याच्या काळातली पाँडिचेरी समजून घ्यायची तर त्या वह्यांशिवाय चालत नाही. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १९१७ पासून त्यांचं बोलणं टिपून ठेवत होते, ते १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत महादेवभाईंचा अंत होईपर्यंत. दोघांनाही 'आज काय लिहू?' हा प्रश्न पडला नसावा, कारण नजर बाहेर होती. घरातल्या वहीलाही हे लागू आहे. वाडी, सोसायटी, बाजार, शेत, लोकलचा डबा, यातलं काहीतरी एक लक्ष ठेवून नोंदवायला घेतलं की वहीला स्वतःचं काम मिळतं. कोकणात घरासमोरच्या एका झाडाला मोहोर कधी आला आणि पहिला आंबा कधी उतरवला, एवढ्या दोन तारखा दरवर्षी लिहिल्या तरी दहा वर्षांत त्या वहीला मोल येतं.

तारखेबद्दल एक हट्ट धरावा: सलग वहीत प्रत्येक नोंदीला साल घालायचं, आणि पाच वर्षांच्या वहीत प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला. 'आत्ता कुणाला साल ठाऊक नाही' असं वाटतं. पेशवाईतल्या लेखनिकांनाही तसंच वाटलं असेल. त्या काळच्या असंख्य पत्रांवर 'छ १४ रजब' असा चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, आणि महिना आहे, साल नाही. राजवाडे, सरदेसाई यांच्यासारख्या इतिहासकारांना आतल्या मजकुरावरून एकेका पत्राचं साल ठरवत बसावं लागलं. घरच्या वह्यांतही 'ता. ४, रविवार' एवढ्यावर भागवलेलं असतं, आणि मग पंचांगं उलटत बसायची वेळ येते. माणसांचंही तसंच. 'काका आले' यातले काका कोण, हे पंचवीस वर्षांनी कुणाला कळणार? वर्षातून एकदा तरी पूर्ण नाव आणि नातं लिहावं.

आता कागद-शाई, थोडक्यात. शाळेच्या साध्या वह्यांचा कागद पातळ असतो, शाईपेनाने लिहिलं की मागे उमटतं. शाईपेनच हवं असेल तर ७० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम) किंवा त्याहून जाड कागद घ्यावा. नाहीतर साधा बॉलपेन उत्तम, त्याची शाई तेलकट असल्याने ओल लागली तरी फारशी पसरत नाही. बऱ्याच जेल पेनांची शाई पाण्याने फुटते. विकत घेतल्यावर एका कागदावर लिहून, वाळल्यावर त्यावर ओलं बोट फिरवून पाहावं. पेन्सिल पाण्याला अजिबात बधत नाही, पण पानं एकमेकांवर घासून पुसट होतात. स्पायरलच्या वहीची पानं सुटतात; शिवलेली बांधणी घ्यावी. चारही बाजूंनी समास सोडावा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातल्या पहिल्या समासात लेखनाचं निरूपण आहे, तिथे समर्थांनी हेच सांगितलंय: भोवती जागा सोडून मध्ये लिहावं, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. कसर आधी कडाच खाते, त्यामुळे साडेतीनशे वर्षांनीही सल्ला तितकाच खरा आहे.

दुकानाचं बिल, एसटीचं तिकीट वहीत चिकटवण्याची हौस असते. मशीनमधून निघणारी गुळगुळीत बिलं उष्णतेवर छापलेली असतात, काही महिन्यांत ती पांढरी पडू लागतात. तारीख आणि आकडा शेजारी पेनाने उतरवून घ्यावा. चिकटपट्टी पिवळी पडून कागदावर डाग पाडते. त्यापेक्षा गव्हाच्या पिठाची खळ बरी, पण पातळ आणि पूर्ण वाळवून, नाहीतर तिच्यावरच किडे येतात. पावसाळ्यात वह्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत, बुरशी तिथूनच चढते. वेखंडाची पुरचुंडी किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला चालतो, मात्र दिवाळीच्या साफसफाईत वह्या एकदा बाहेर काढून पानं वाऱ्यावर मोकळी करायला हवीत. थेट उन्हात नाही, शाई उडते.

मोबाईलवर लिहायचं असेल तर बोलून टाईप करण्याची सोय आता मराठीतही बरी चालते, फक्त नावं आणि आकडे तपासून घ्यावेत. मजकूर युनिकोडमध्ये आणि शक्यतो साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवावा. जुन्या काळी विशिष्ट फॉन्ट टाकून टाईप केलेली मराठी आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तोच प्रकार पुन्हा नको. फाईलला '२०२५-०६' असं साल आधी, मग महिना असं नाव दिलं की त्या आपोआप ओळीने लागतात. एक प्रत मोबाईलमध्ये, एक घरच्या संगणकावर, एक घराबाहेर. रोजनिशीसाठीच बनवलेलं एखादं अ‍ॅप वापरत असाल तर त्यातून सगळा मजकूर बाहेर काढता येतो का, हे पहिल्या आठवड्यातच करून पाहावं, पाचशे नोंदी झाल्यावर नाही.

राहता राहिली घरच्यांची नजर. कुणीतरी वाचेल या धास्तीने लिहिलेली नोंद गुळमुळीत होते आणि मग वाचण्यातही मजा उरत नाही. कुलूप लावलं तर उलट उत्सुकता वाढते. साधा उपाय म्हणजे वही उघड्यावरच ठेवावी आणि नव्वद टक्के मजकूर कुणीही वाचला तरी चालेल असा असावा. उरलेल्यासाठी आडवळणाचे शब्द, आद्याक्षरं. मोडी येत असेल तर ती एक झकास पळवाट आहे, निदान आजच्या घरांत. पण या खुणांची किल्ली, म्हणजे कशाचा अर्थ काय ते, कुठे तरी लिहून ठेवायला हवं. इंग्रज सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्सने १६६० ते १६६९ या काळातली आपली लंडनची रोजनिशी शेल्टन पद्धतीच्या लघुलिपीत लिहिली. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा तरुण ती उलगडायला बसला आणि त्याची तीन वर्षं त्यात गेली. शेल्टनच्या लघुलिपीचं पुस्तक पीप्सच्याच संग्रहात, रोजनिशी ठेवलेल्या त्याच ग्रंथालयात होतं, हे त्याला माहीतच नव्हतं. तेव्हा वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत, बॉलपेनाने, चार ओळी लिहून ठेवाव्यात: 'ग' म्हणजे गॅस, 'दु' म्हणजे दुरुस्ती, 'बा.' म्हणजे धाकटे मामा, आणि जादा वही लोखंडी कपाटात खालच्या खणात आहे.